गोधडीत जागा कोणाला?

मेलेला माणूस कोणाचा? आपल्याकडे याचं उत्तर सहसा आधीच ठरलेलं असतं. अग्नी कोण देणार, पिंडदानाला कोण बसणार, सुतक कोणाला, सगळं नात्यावरून लागतं. पण नात्यानंच पाठ फिरवली तर?

१९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. एड्सनं तिथले समलिंगी तरुण एकापाठोपाठ एक जात होते. मुलाला काय झालं होतं हे सांगायला काही आईवडील तयार नव्हते. अंत्यसंस्कारांचं काम करणारे काही लोक देहाला हात लावत नव्हते. आणि ज्यानं शेवटचे महिने उशाशी बसून काढले, त्या जोडीदाराला कायद्याच्या लेखी काही स्थानच नव्हतं.

नोव्हेंबर १९८५मध्ये समलिंगी नेते हार्वी मिल्क यांच्या स्मृतीसाठी निघालेल्या मोर्चात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्यानं लोकांना सांगितलं, की एड्सनं गेलेल्या आपल्या माणसांची नावं पुठ्ठ्यांवर लिहा. ते पुठ्ठे मग सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले गेले. जोन्सला ती भिंत गोधडीसारखी दिसली. १९८७मध्ये त्यानं मार्विन फेल्डमन या मित्राच्या नावाचा पहिला तुकडा केला, आणि त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० तुकडे अंथरले गेले.

प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद, ६ फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. असे आठ जोडून १२ फुटांचा चौरस होतो. त्यांवर जीन्स आहेत, शर्ट आहेत, टेडी बेअर आहेत, प्रेमपत्रं आहेत. काहींत तर चितेची राखही शिवलेली आहे. शिवणाऱ्यांत आई होती, शेजारी होते, परिचारिका होत्या आणि आयुष्यात कधी सुई न धरलेले पुरुषही होते. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घड्या उलगडतात, एकेक नाव मोठ्यानं वाचलं जातं. इथे पुरोहित नाही, पोथी नाही, तरी हा विधीच आहे. आणि त्याचा नियम बहुतेक धर्मांच्या विधींपेक्षा मोकळा आहे: कोणीही कोणासाठीही शिवावं. नातं सिद्ध करायची गरज नाही.

एका तुकड्यावर मात्र नावच नाही. तो भावासाठी केलेला आहे. आईवडिलांना नाव जाहीर व्हायला नको होतं, असं करणाऱ्यानं त्यावरच लिहून ठेवलं आहे. आपल्या माणसाला आपलं म्हणायचं, पण नाव घ्यायचं नाही, ही कोंडी त्या कापडावर जशीच्या तशी दिसते.

याच काळात गोव्यात उलटं घडलं. रक्तदानानंतर एचआयव्हीबाधित असल्याचं कळलेल्या डॉमिनिक डिसूझा यांना १९८९मध्ये पोलिसांनी उचललं आणि एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. राज्याचा कायदाच तसा होता. त्या कायद्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका गेली, ती लुसी डिसूझा यांच्या, म्हणजे आईच्या नावानं. कायदा टिकला. पण ज्या नावाची लोक दहशत घेत होते, त्या नावापुढे एका आईनं आपलं नाव उभं केलं होतं.

तरी या गोधडीची खरी कसोटी प्रेमाच्या माणसांत लागली नाही. ती लागली रॉय कोन यांच्या तुकड्यावर. कोन हे अमेरिकेत कम्युनिस्टांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थींचे वकील. समलिंगी लोकांना सरकारी नोकऱ्यांतून हुसकावण्याच्या मोहिमेत त्यांचा हात होता. स्वतः १९८६मध्ये एड्सनं वारले, पण शेवटपर्यंत यकृताचा कर्करोग असल्याचंच सांगत राहिले. त्यांच्या नावाच्या तुकड्यावर तीन शब्द आहेत: दांडगट, भेकड, बळी. पहिले दोन शब्द हिशेब चुकता करतात. तिसऱ्या शब्दामुळे मात्र ते, स्वतःला कधीच मान्य न झालेल्या लोकांच्या शेजारी, तेवढ्याच मापाच्या कापडावर येतात. आपलेपण ही लायकीवर मिळणारी गोष्ट असती, तर कोनना इथे जागा नव्हती. ज्यांनी ती दिली, त्यांनी क्षमा केली असं म्हणता येत नाही. तसं असतं तर पहिले दोन शब्द तिथे नसते. रागासकट सामावून घेणं ही क्षमेहून वेगळी आणि कदाचित जास्त अवघड गोष्ट आहे.

ही सगळी शिवणकला फार मवाळ आहे, असा आक्षेप तेव्हाच आला होता. ऑक्टोबर १९९२मध्ये मॉलवर गोधडी अंथरलेली असतानाच ‘ॲक्ट अप’ या संघटनेच्या लोकांनी आपल्या माणसांची राख थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर नेऊन टाकली. शोक सुंदर झाला की सरकारला तो सोसायला सोपा जातो, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण ज्याच्या मरणाची कुठे नोंदच घेतली जात नाही, त्याच्यासाठी राग यायलाही आधी कोणीतरी त्याचं नाव घ्यावं लागतं. ते काम मॉलवर चाललं होतं.

आज गोधडीत सुमारे ५०,००० तुकडे आहेत, वजन ५४ टन, नावं १,१०,०००हून अधिक. अमेरिकेत एड्सनं गेलेल्यांची संख्या मात्र सात लाखांच्या घरात आहे. मोकळा नियम असूनही कृष्णवर्णीयांचे तुकडे मृत्यूंच्या मानानं फारच कमी आले. चर्चमध्ये, घरात हा विषय निघतच नव्हता. म्हणून ‘कॉल माय नेम’ हा उपक्रम सुरू झाला. कार्यकर्ते कापड, कात्र्या घेऊन कृष्णवर्णीय वस्त्यांत जातात आणि राहून गेलेली नावं लोकांबरोबर बसून शिवून घेतात.