पाण्याखालची गावं आणि वरचा वीकेंड

पावसाळ्यात पुण्याहून ताम्हिणीला जाताना मुळशीचं धरण लागतं. ढगात गेलेले डोंगर, धबधबे, कणीस, भजी, रील. पुढे प्लस व्हॅली, अंधारबन, घाट उतरलं की भिऱ्याजवळ देवकुंड. आणि कोलाडला कुंडलिकेतलं राफ्टिंग.

यातलं राफ्टिंग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, कारण ते भर उन्हाळ्यातही चालतं. कोकणातल्या नदीला एप्रिलमध्ये एवढं पाणी कुठून येतं? मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपांनी भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणजे आपली राफ्ट त्या दिवशीच्या वीजनिर्मितीवर तरंगते. हेच पाणी एरवी मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं.

1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. 1924 पर्यंत लढा मोडला. पन्नासच्या आसपास गावांची जमीन गेली आणि मुंबईला वीज मिळाली.

मग शंभर वर्षांनी तिथे मजा करायला जाणाऱ्याचं काही देणं लागतं का? 'मी थोडीच धरण बांधलं' हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. अपराध करणाऱ्याचा असतो, तो आपल्या माथी येत नाही. फायद्याचं तसं नाही. आजोबांची जमीन घ्यायची आणि तिच्यावरचं कर्ज मात्र 'त्यांचं होतं' म्हणायचं, हे कुठल्याच घरात चालत नाही. (आमच्या धंद्यातही दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या कोडवर पगार मिळतो, तेव्हा त्यातले बग आपलेच असतात.)

एक मित्र म्हणतो, असा विचार केला तर कुठेच फिरता येणार नाही. मला तसं वाटत नाही. पाण्याखाली भातखाचरं होती हे कळल्याने तलाव कुरूप होत नाही. वागणं मात्र बदलू शकतं. काठावरच्या गावात रात्री दोनला स्पीकर लावताना आपण 'निसर्गात' नसून कुणाच्या तरी अंगणात आहोत, हे आठवतं. जेवण, वाटाड्या, पार्किंग यांचे पैसे गावातच राहतात का, हे विचारावंसं वाटतं. मला माहिती आहे, हे फार थोडं आहे.

मोठा हिशोब वेगळाच आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. आमची ऑफिसं तिथे आणि आमच्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर. वीज पुरे, मुळशीचं पाणी आता पुण्याकडे वळवा, ही मागणी अधूनमधून होते. तहानलेल्या शहराची म्हणून ती मला पटते. पण त्या पाण्यावर बोलताना आपण दोनच दावेदार मोजतो: मुंबईची वीज आणि पुण्याचे नळ. ज्यांच्या शेतांवर ते साठलं आहे, त्यांची नातवंडं काठावर आपल्याला कणीस भाजून देत असतात.