ईश्वरी वाणी आणि बुद्धाची कसोटी



पिंपरी-चिंचवडलगतच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी प. पू. बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. याच पट्ट्यातील कारखान्यांत, चाकणपर्यंत, आपण मुसलमान सोबत्यांबरोबर राबता. एखादा विचारील, "कुराण ही अल्लाची वाणी. तुमच्या धम्माला असा आधार कोणता?" उत्तर द्या, पण द्वेषाने नव्हे.

जिब्रईलमार्फत महंमद पैगंबरांना सुमारे २३ वर्षे ही वाणी मिळत गेली, अशी इस्लामची श्रद्धा आहे. 'असा एक तरी अध्याय रचून दाखवा' हे आव्हान पुरावा म्हणून सांगितले जाते. परंतु भाषेच्या सौंदर्याने रचना थोर ठरते, ईश्वराची ठरत नाही. संदेश आला याला साक्षीदार ऐकणारा एकटाच! वेदांनाही अपौरुषेय म्हटले जाते. तो दावा आपण नाकारला. मग येथे माप का बदलावे? नमाजाच्या एका रांगेतील समता आदरणीय आहे, पण ती माणसाला माणूस मानते म्हणून.

भ. बुद्धांनी कालामांना सांगितले की, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका. कुशल-अकुशल स्वतः पारखा. आपण मोक्षदाता नसून मार्गदाता आहोत, ही बुद्धांची भूमिका बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केली आहे.

म्हणून सोबत्याला सांगा, "आमचा आधार आकाशातून आलेला नाही, अनुभवाचा आहे." आणि हीच कसोटी त्रिपिटकालाही लावा. जो स्वतःचा ग्रंथ पारखत नाही, त्याला दुसऱ्याचा पारखण्याचा अधिकार नाही.

जय भीम!