जगण्याचा उपयोग कीं जगण्याचा अर्थ?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मंडळींतील एका वृद्ध गृहस्थांच्या भेटीस मी गेलों होतों. सारा जन्म त्यांनीं विहिरी खणण्यांत घालविला. आतां दोन वर्षें झालीं, कमरेखालचें अंग लुळें पडल्यामुळें ते खाटेवरच असतात. प्रार्थना झाल्यावर ते म्हणाले, "पाळकसाहेब, एक विचारूं का? जुनी मोट फाटली तर तिचें चामडें तरी कशाला तरी लागतें. माझें काय लागतें? आतां माझ्या जगण्याला अर्थ काय राहिला?"

मी लागलीच उत्तर दिलें. पाळकांजवळ अशीं उत्तरें तयार असतात. मी म्हणालों, "बाबा, तुम्ही आम्हां सर्वांसाठीं प्रार्थना करतां, हें काय थोडें काम आहे?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि उद्यां प्रार्थनाहि विसरलों तर? आतांच नातवंडांचीं नांवें आठवत नाहींत." ह्यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. घरीं परततांना वाटेनें तोच प्रश्न मनांत घोळत होता.

प्रश्न नवा नाहीं. पवित्र शास्त्रांतील उपदेशक घरें, द्राक्षमळे, तळीं, सोनें-रुपें सर्व मिळवून शेवटीं हेंच विचारतो. त्याच्यानंतर हा प्रश्न ज्यांनीं मोठ्या प्रामाणिकपणानें विचारला, त्यांत रशिया देशांतील ग्रंथकार लिओ टॉल्स्टॉय ह्यांचें नांव पुढें येतें. त्यांचा जन्म १८२८ सालीं एका जमीनदार घराण्यांत झाला. 'युद्ध आणि शांति' व 'ॲना कॅरेनिना' ह्या कादंबऱ्यांनीं त्यांची कीर्ति दूरवर पसरली. पन्नाशीच्या सुमारास त्यांना काय कमी होतें? शरीर निकोप, पत्नी, मुलें, विस्तीर्ण जमीन, मानसन्मान. आणि नेमकें तेव्हांच त्यांच्या मनानें घेतलें कीं, मी मरणार, माझीं माणसें मरणार, माझीं पुस्तकें विसरलीं जाणार. मग हें सारें कशासाठीं? ही हकीकत त्यांनीं १८७९ पासून पुढील दोन-तीन वर्षांत लिहिलेल्या आपल्या कबुलीजबाबांत सांगितली आहे. आपल्या हातून आपलाच घात होऊं नये म्हणून त्यांनीं घरांतील दोर दृष्टीआड केला, आणि बंदूक घेऊन शिकारीस जाणें सोडलें.

हें वाचून कित्येक जण त्यांस भित्रा म्हणतील. मला तर ही त्यांची मोठी शहाणपणाची कृति वाटते. ज्याच्या मनांत असे विचार येत असतील, त्यानें तसेंच करावें, आणि शिवाय एकटें राहूं नये. शेजाऱ्यास सांगावें, पाळकास सांगावें, डॉक्टरांकडे जावें. त्यांत लाज कसली?

आपली स्थिति समजावून देण्यासाठीं टॉल्स्टॉय ह्यांनीं पूर्वेकडील एक जुनी गोष्ट सांगितली आहे. गोष्ट मूळची आपल्याच देशांतली. महाभारताच्या स्त्रीपर्वांत पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या धृतराष्ट्रास विदुर ती सांगतो. घोर अरण्यांत एक मनुष्य विहिरींत पडतो आणि वेलींत अडकून खालीं डोकें वर पाय असा लोंबकळत राहतो. तळाशीं मोठा सर्प. कांठावर सहा तोंडांचा व बारा पायांचा हत्ती. म्हणजे सहा ऋतूंचें व बारा महिन्यांचें वर्ष. ज्या झाडाच्या आधारानें तो आहे, त्याचीं मुळें काळे व पांढरे उंदीर कुरतडीत आहेत. ते रात्र आणि दिवस. आणि वरच्या पोळ्यांतून मध गळतो आहे, तो चाटण्यांत हा मनुष्य गुंग! ही कथा बुद्धचरित्राच्या अनुषंगानें पश्चिमेकडे गेली आणि बरलाम व योसाफात ह्या नांवांच्या साधूंच्या चरित्रांत शिरून ख्रिस्ती लोकांतहि सर्वत्र पसरली. योसाफात हें नांव मूळ 'बोधिसत्त्व' ह्याच शब्दाचें रूप होय, असें पंडितांनीं दाखवून दिलें आहे. टॉल्स्टॉय म्हणतात कीं, माझे मधाचे थेंब दोन होते, कुटुंबाचें प्रेम आणि लेखनाची आवड. पण एकदां सर्प व उंदीर दिसल्यावर तेहि गोड लागेनात.

पुढें ते ह्या संकटांतून निघाले. कसे निघाले? आपल्यासारख्या सुखवस्तु लोकांचीं तोंडें पाहण्याचें सोडून त्यांनीं कष्टकरी लोकांकडे पाहिलें. हे लोक श्रमतात, आजार सोसतात, शांतपणें मरतात. ह्यांना जगण्याचा अर्थ ठाऊक असला पाहिजे, आणि तो त्यांच्या श्रद्धेंत आहे, असें त्यांस वाटलें. त्यांचे पुढील सर्व विचार मला पटतात असें नाहीं. रशियन मंडळीनें तर १९०१ सालीं त्यांस बहिष्कृत केलें. पण हें पाऊल खरें होतें. मात्र खेड्यांत राहणाऱ्या आपणांस एवढें कबूल करावें लागेल कीं, वाड्यांतून दिसतो तितका शेतकरी शांत नसतो. कर्ज, दारू, भाऊबंदकी आणि निराशा ह्यांची आपणांस चांगली ओळख आहे. श्रमानें हात भरतात. मन भरेलच असें नाहीं.

पावसाळ्याच्या आरंभीं मी पुन्हां त्या वृद्ध गृहस्थांकडे गेलों आणि, सांगण्यासारखें दुसरें कांहीं नसल्यामुळें, त्यांना ही विहिरीची गोष्ट सांगितली. त्यांनीं नीट ऐकून घेतली. हत्तीचे पाय किती, हें दोनदां विचारलें. मग म्हणाले, "पाळकसाहेब, गोष्ट कोणा जाणत्यानें रचली असेल, पण त्यानें विहीर खणलेली दिसत नाहीं."

"कां बरें?"

"वर कोणीच कसें नाहीं? खालीं उतरणाऱ्याचा दोर वर कोणीतरी धरलेला असतो. आणि जो चुकून पडला, त्याला वरून हांक मारतातच कीं." मग त्यांनीं आपल्या तरुणपणची हकीकत सांगितली. एकदां दरड ढासळून एक गडी छातीपर्यंत गाडला गेला. मोठा आळशी व भांडखोर माणूस. कोणाचाहि त्याच्याशीं सलोखा नव्हता. "पण तेव्हां तो कामाचा कीं बिनकामाचा, हें कोणीं विचारलें नाहीं. सारे धांवले. मीहि दोर ओढला, आणि माझे त्याच्याकडे पैसे अडकले होते!" असें म्हणून ते हंसले.

मी त्यांस पूर्वीं जें उत्तर दिलें होतें, त्यांतील चूक मला तेथें दिसली. त्यांनीं विचारला होता अर्थ, आणि मी दाखवीत होतों उपयोग. उपयोग हा मोटेचा असतो, बैलाचा असतो. तो झिजतो आणि एके दिवशीं संपतो. प्रार्थनेलाहि मीं त्यांचा उपयोगच करून ठेवलें होतें, म्हणून स्मृति जातांच तोहि जाईल अशी त्यांस धास्ती पडली. मेंढपाळ हरवलेल्या मेंढरामागें जातो, तेव्हां त्याची लोकर किती निघेल ह्याचा हिशेब तो करीत नाहीं. हें मीं व्यासपीठावरून कित्येकदां सांगितलें आहे. खाटेजवळ बसून मात्र विसरलों.

तें मीं त्यांस सांगितलें. त्यांना पटलें कीं नाहीं कोण जाणे. त्यांना डुलकी लागली होती.

निघतांना त्यांचा मुलगा मला वाटेपर्यंत पोंचवावयास आला. पाठीस जखमा होऊं नयेत म्हणून तो रात्रींतून दोन-तीनदां उठून बापास कुशीवर वळवितो, आणि सकाळीं पुन्हां मजुरीस जातो. मी विचारलें, "जड जात असेल?"

"जातें कीं," तो म्हणाला. "पण बाप आहे ना, पाळकसाहेब." आणि पाऊस येईल, लवकर निघा, असें सांगून तो घराकडे वळला.