सहा गुणांचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर इतरांच्या घरी चकलीच्या भाजणीचा वास सुटतो, तेव्हा शाळामास्तराच्या घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. लाल शाईचे पेन घेऊन मास्तर कोपऱ्यात बसतो आणि घरातली माणसे त्याच्याशी हलक्या आवाजात बोलतात. याला राग आला तर कुणाचे तरी दोन गुण जायचे, अशी भीती त्यांना वाटत असावी. ही भीती अगदीच अनाठायी नाही, हे मला गेल्या वर्षी उमगले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पैठणकडच्या खेड्यातून इथे, छत्रपती संभाजीनगरात, बी. ए.ला आली आहे. तिला वर्गासाठी वीस गुणांचा निबंध लिहायचा होता आणि त्यासाठी तिने निवडली माझीच एक कादंबरी! प्राध्यापकांकडे देण्याआधी निबंध माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "सर, तुम्ही तपासला असता तर किती गुण दिले असते? खरं सांगा."

मी मॅट्रिक झालेला मास्तर. विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी कधी चढलो नाही. कॉलेजातला निबंध आपल्याला तपासायला मिळतो आहे, या कल्पनेनेच मी सुखावलो. ते सुख तिसऱ्या पानापर्यंत टिकले. तिथे तिने लिहिले होते की, या कादंबरीतली ऊसतोड करणारी आई शहरातल्या शिकलेल्या बाईसारखी बोलते. लेखकाने तिला पानोपानी राबवले, पण तिची बोली मात्र तिच्याजवळ राहू दिली नाही. पुढे पुराव्यादाखल चार उतारे दिले होते. शेवट घाईने गुंडाळला होता, शुद्धलेखनाच्या चुकाही होत्या. वाचून संपताच माझ्या मनात आकडा उमटला : नऊ.

सुदैवाने तो मी बोलून दाखवला नाही. "उद्या ये," एवढेच म्हणालो.

रात्री जेवणे झाल्यावर कादंबरी शेजारी उघडून ठेवली आणि निबंध पुन्हा वाचला. चारपैकी तीन उतारे तिने बिनचूक पकडले होते. तिची स्वतःची आई दर साल ऊसतोडीला जाते. त्या बोलीची पारख तिला नसणार तर कुणाला असणार? मग आणखी एक गोष्ट आठवली. आठवीत असताना हीच मुलगी 'होतं'च्या जागी 'व्हतं' लिहीत असे आणि मी दरवेळी अर्धा गुण कापत असे. संवादात ते माणसाच्या तोंडचे बोल म्हणून शोभते, हे मी तिला कधी सांगितले नव्हते. या वेळी आकडा आला : पंधरा.

निबंध तोच, तपासणाराही तोच. मग मधले सहा गुण कुणाचे? ते तिच्या लिखाणाचे नव्हते. ते माझ्या दुखावल्या गेलेल्या अहंकाराचे होते.

असे माझ्या एकट्याचेच होते असे नाही. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टॉग यांनी ऱ्होड्स यांच्यासह परीक्षांचीच परीक्षा घेतली होती. तिचे निष्कर्ष १९३५ साली प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनी तपासल्या आणि वर्षभराहून अधिक काळ लोटल्यावर त्याच उत्तरपत्रिका त्यांच्याच हाती पुन्हा देण्यात आल्या. एकूण २१० निकालांपैकी ९२ बदलले. नापास, पास आणि विशेष यांच्या रेषाच इकडच्या तिकडे झाल्या. हे वाचून मला थोडा धीर आला, पण धीर म्हणजे सुटका नव्हे. सगळ्यांचेच तराजू हलत असले, तरी ज्याचा माल कमी भरला त्याचे नुकसान व्हायचे ते होतेच.

मग सढळ हाताने गुण द्यावेत का? तेही मी करून पाहिले आहे. दयेपोटी दिलेले गुण मुलाला त्याच्या कामाविषयी खोटे सांगतात आणि शेजारच्या बाकावरच्या मुलावर अन्याय करतात. दयेची जागा परीक्षेच्या आधी आहे, आणि नंतरही आहे. मुलाला जवळ बसवून शिकवण्यात ती दाखवावी. बेरजेत तिने लुडबूड करू नये.

अशा वेळी मला या शहराशी जवळचे नाते असलेल्या एका विद्यार्थ्याची आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. त्यांच्या संस्थेने १९५० साली इथे महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला १९९४ पासून त्यांचे नाव आहे. ज्याला २८२ गुण मिळाले, त्याचे नाव आज इथल्या प्रत्येक पदवीपत्रावर असते! आकडा माणसाविषयी किती थोडे सांगतो, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो लंडनमधला प्रसंग. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२२ साली सादर झाला. परीक्षकांनी हरकत घेतली. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ च्या अखेरीस त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचे पुस्तक निघाले, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी. तिच्यात त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले की, लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत. आणि तितक्याच मोकळेपणाने विचारांतल्या ताजेपणाची वाखाणणीही केली. 'मला पटले नाही' आणि 'काम उत्तम आहे' ही दोन वाक्ये ज्याला एका दमात म्हणता येतात, तोच खरा परीक्षक. माझ्या पहिल्या वाचनात या दोन वाक्यांचे एकच वाक्य झाले होते.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला हक्क नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली आपल्या राज्याच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात दिला होता. २०११ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, माहिती अधिकाराखाली ती पाहता येते. या बदलाने मास्तर मंडळी थोडी बिचकली, पण मला तो रास्त वाटतो. ज्याचे गुण कापले, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून कारण सांगता येत नसेल, तर ते कापण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

दुसऱ्या दिवशी ती आली. मी तिला दोन्ही आकडे सांगितले. ती जरा गोंधळली. "मग खरे गुण किती, सर?"

"पंधरा. एक उतारा तू चुकीचा लावलास, शेवट घाईत केलास, आणि शुद्धलेखन. पाच गेले ते त्याचे."

"आणि ते सहा?"

"ते माझे गेले, बाई. त्यांचा तुझ्याशी संबंध नाही."

ती हसली. शेवट पुन्हा लिहिते म्हणाली आणि निबंध घेऊन गेली.

या दिवाळीतही गठ्ठा समोर आहे. कारण समासात लिहिल्याशिवाय गुण कापायचा नाही, असा मी नेम केला आहे. त्यामुळे काम दुप्पट वेळ चालते आणि घरचे वैतागतात. आताच एका मुलाच्या गोष्टीत आजीच्या तोंडी 'व्हतं' आले. हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. आतून फराळाची हाक आली. मी समासात लिहिले, 'आजी खरी वाटते,' आणि उठलो.