उसने शब्द व खरे बोलणे

खरे बोलावे हा उपदेश आपण लेकरांस लहानपणापासून करीत असतो. परंतु ज्या लेकराच्या मुखी स्वतःचे शब्द अजून आलेले नाहीत, जे आपलेच शब्द आपणांस परत देते, त्याचे बोलणे खरे मानावे की खोटे? हा प्रश्न वरवे बुद्रुक येथे एके दिवशी आमच्यापुढे आला, आणि आम्ही त्याचे उत्तर प्रथम चुकीचे दिले. ती चूक सांगण्यास आम्हांस लाज वाटते. तथापि दुसऱ्या कोणा सेवकाच्या हातून ती होऊ नये म्हणून सांगतो.

वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातील गाव पुणे-सातारा रस्त्यावर आहे. तेथील एका घरी प्रार्थनेसाठी मंडळी जमली होती. त्या घरात सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्यास जे विचारावे तेच तो परत बोले. "जेवलास का?" असे म्हटले की "जेवलास का?" हेच उत्तर मिळे. आई घरातून निघताना "मी येते हं" असे म्हणे, म्हणून तोही निघताना "मी येते हं" म्हणे, आणि आळीतील पोरे त्यास हसत. वडील माणसे दारी आली म्हणजे तो त्यांस "बस रे खाली" असे म्हणे. कारण त्याला स्वतःला लोक तसेच सांगत. ह्यावरून कित्येकांनी त्यास उद्धट ठरविले होते, तर कित्येकांनी वेडा.

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर वर्गणीचे दोनशे रुपये सापडेनात. ते कोनाड्यात ठेवले होते असे आम्ही खात्रीने सांगितले, आणि मुलगा तर कोनाड्याजवळच उभा होता. आम्ही त्यास जवळ बोलावून, आपण फार मायेने विचारीत आहो अशा समजुतीने विचारले, "बाळ, तू पैसे नाही घेतलेस, की घेतलेस?" तो म्हणाला, "घेतलेस." घरात सर्व स्तब्ध झाले. बापाने उठून त्याच्या पाठीत दोन रट्टे दिले. लोक भोवती गोळा झाले, तेव्हा मुलगा कानांवर हात ठेवून मोठ्याने ओरडू लागला, "चला, पुढे सरका! पुढे सरका!" तेव्हा एक वडील बंधू म्हणाले, "पाहा, चोरी ती चोरी, आणि वर थट्टा!"

इतक्यात त्याची आई पुढे झाली व आम्हांस म्हणाली, "साहेब, उलटं इचारून बघा." आम्ही विचारले, "घेतलेस, की नाही घेतलेस?" मुलगा म्हणाला, "नाही घेतलेस." आम्ही पुन्हा पहिल्याप्रमाणे विचारले, तो पुन्हा म्हणाला, "घेतलेस." तेव्हा आमच्या ध्यानात आले की त्याने चोरी कबूल केली नव्हती व नाकारलीही नव्हती. आमच्या प्रश्नाचा जो शेवटचा शब्द होता, तो त्याने आम्हांस परत दिला होता. त्याची कबुली आमच्याच तोंडची होती. पैसे पुढे आमच्याच गीतपुस्तकाच्या पानांत निघाले.

आणि "पुढे सरका" ह्याचे काय? आईने सांगितले की, एकदा स्वारगेटहून येताना एस.टी.त फार गर्दी होती. मुलगा माणसांत चेंगरला. कंडक्टराने "चला, पुढे सरका" अशी आरोळी दिली तेव्हा लोक सरले व त्यास श्वास घेण्यापुरती जागा झाली. तेव्हापासून भोवती माणसांची दाटी झाली की तो हेच बोल बोलतो. म्हणजे ज्या शब्दांस आम्ही थट्टा समजलो, तेच त्या दिवशीचे त्याचे एकमेव खरे बोलणे होते. मला जागा द्या, मला भीती वाटते, असे तो सांगत होता. परंतु ऐकणारी एक त्याची आईच होती.

ऐकलेले बोल असे परत बोलण्यास वैद्य एकोलेलिया म्हणतात. बोलावयास शिकणारी सर्वच मुले काही काळ असे करतात. साधारणपणे अडीच-तीन वर्षांच्या सुमारास ते कमी होत जाते. कित्येक मुलांत ते पुढेही राहते, व स्वमग्न मुलांत ते पुष्कळदा आढळते. कधी शब्द लागलाच परत येतो, कधी महिन्यांनी किंवा वर्षांनी. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एक मुलगा इंग्लंडात असताना खेळण्यातला कुत्रा सज्ज्यावरून वारंवार खाली टाकी, व आईने कंटाळून त्यास तसे करू नको म्हणून सांगितले होते. पुढे काही फेकण्याचा मोह झाला की तो आईचे तेच शब्द म्हणे. जवळ ना कुत्रा, ना सज्जा. अनोळखी माणसास ती बडबड वाटावी, परंतु मुलाच्या मनात अर्थ पक्का होता. त्याच अकरांतील दुसऱ्या एकास बापाने खांद्यावर घेऊ का असे विचारून "होय" म्हणावयास शिकविले. तेव्हापासून पुष्कळ काळ त्याच्या मुखी "होय" ह्याचा अर्थ मला खांद्यावर घ्या एवढाच राहिला. पुढे १९८१ साली बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुकन ह्या दोघांनी चार स्वमग्न मुलांचे असे बोलणे बारकाईने तपासले, तेव्हा त्यांस त्याचे सात निरनिराळे उपयोग आढळले. कधी मुलाला काही हवे असते, कधी त्यास होकार द्यावयाचा असतो, कधी संभाषणातील आपली पाळी तो राखीत असतो, तर कधी स्वतःस आवर घालीत असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खोटे बोलणे म्हणजे काय? जे खरे नाही असे आपणांस ठाऊक आहे, ते दुसऱ्याने खरे मानावे अशा हेतूने बोलणे, हे खोटे होय. हेतू नसेल तेथे खोटेपणा नाही. आणि त्याच न्यायाने कबुलीही नाही. विहिरीत "चोर" म्हणून हाक मारली व विहिरीतून "चोर" असा आवाज आला, तर विहिरीने कोणावर आरोप केला असे कोणी म्हणत नाही. त्या दिवशी खोटी साक्ष कोणी दिली असेल तर ती आम्ही. कारण पैसे कोनाड्यात ठेवल्याचे आम्ही खात्रीने सांगितले, प्रश्न असा घातला की त्यात उत्तर आधीच भरलेले होते, आणि ते उत्तर लेकराच्या नावावर मांडले.

येथे कोणी म्हणेल, मुलगा जर निर्दोष आहे, तर त्यास जसा आहे तसा राहू द्यावा; त्याची भाषा सुधारण्याचा खटाटोप कशाला? हे बोलणे दयेचे दिसते, पण ते दयेचे नाही. आज आई जवळ होती म्हणून उलगडा झाला. उद्या बाजारात, प्रवासात किंवा चौकीवर कोणी परका मनुष्य त्यास विचारील, तेव्हा आई जवळ असेलच असे नाही. ज्यास "नाही" म्हणता येत नाही, त्याच्या माथी कोणीही काहीही मारू शकेल. आणि कोणी त्याला दुखविले तर ते सांगण्यास त्याच्याजवळ शब्द नसतील. म्हणून त्यास योग्य भाषा शिकविणे हे आपले कर्तव्यच आहे.

परंतु योग्य भाषा कोणती, ह्याविषयी आपली समजूत पुष्कळदा चुकीची असते. मुलाने पाहुण्यांस सलाम करावा, "आभारी आहे" म्हणावे, विचारलेल्या प्रश्नास "होय जी" म्हणावे, हे आपणांस आधी हवे असते. ही भाषा आपल्या सोयीची आहे, त्याच्या गरजेची नव्हे. आमच्या मते अशा लेकरास प्रथम द्यावयाचे शब्द हे होत: नको. थांबा. दुखते. मला जागा हवी. मला माहीत नाही. ज्या शब्दांनी त्याचे मन व शरीर सुरक्षित राहील ते आधी, व आपला मान राखणारे मागाहून.

"मला माहीत नाही" ह्या एका वाक्याचे सामर्थ्य पाहा. मुलास प्रश्न कळला नाही किंवा उत्तर ठाऊक नसले म्हणजे तो पुष्कळदा प्रश्नच परत बोलतो. १९७८ साली लॉरा श्रायब्मन व एडवर्ड कार ह्यांनी अशा दोन मुलांस थोड्याशा प्रश्नांवर "मला माहीत नाही" असे म्हणण्यास शिकविले. तेव्हा न शिकविलेल्या दुसऱ्या प्रश्नांवरही, प्रश्न परत न बोलता, ती मुले तसेच म्हणू लागली. अज्ञान कबूल करण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा प्रतिध्वनीची गरज राहिली नाही.

उपदेशक बंधूंस व आयाबापांस उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे सांगतो. पहिली, प्रश्न थोडे करा. "तुला पाणी हवे का?" असे विचारले तर तो तेच बोलेल. त्याऐवजी तांब्या दाखवून त्याच्या वतीने "मला पाणी हवे" असे म्हणा, थोडे थांबा, आणि पाणी द्या. तो जे वाक्य परत बोलेल ते त्याच्या मुखी शोभेल असेच असावे. मुलगा असेल तर "मी येतो" असे, मुलगी असेल तर "मी येते" असे त्याच्या अगर तिच्या बाजूने बोलून दाखवावे. दुसरी, निवड करावयाची असेल तर भाकरी व भात दोन्ही समोर ठेवा व तो कशाकडे हात करतो ते पाहा. शेवटच्या शब्दावर विसंबू नका. तिसरी, वाक्य लहान ठेवा व उत्तरासाठी घाई करू नका. मनात दहा अंक मोजण्याइतके थांबा. चौथी, एक वही ठेवा. तो कोणते बोल, कोठे व केव्हा बोलतो, ते त्याने मूळ कोणाकडून ऐकले, हे लिहीत जा. अर्थ आपोआप दिसू लागेल. पाचवी, अर्थ कळला की आधी त्याप्रमाणे वागा, मग नीट शब्द द्या. "पुढे सरका" म्हणताच प्रथम बाजूस व्हा, आणि मग हळूच म्हणा, "मला जागा हवी." शब्द सुधारण्यासाठी त्याची गरज अडवून धरू नये.

तसेच, ह्या गोष्टीस भूतबाधा समजून अंगारा लावण्यास नेऊ नये. आणि आपल्यांतही कोणी त्यास दुष्टात्म्याचे काम म्हणू नये. आईच्या मायेत उणे पडले म्हणून असे होते, असे विसाव्या शतकाच्या मध्यास कित्येक विद्वान म्हणत. तो समज पुढे खोटा ठरला. तीन वर्षांनंतरही मूल असेच बोलत असेल तर प्रथम त्याचे कान तपासून घ्यावे व वैद्यास दाखवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते. तेथे हे स्पष्ट सांगावे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार गणले आहेत व त्यांत स्वमग्नता आहे. कायद्याने ठरविलेल्या प्रमाणाचे दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या किंवा विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. ह्याविषयी कोणी लाज बाळगू नये.

शेवटी आपल्याविषयी थोडे. आपण लहानपणी प्रश्नोत्तरी तोंडपाठ केली, तेव्हा तिचा अर्थ आपणांस कितीसा कळत होता? आपली पहिली प्रार्थना आईच्या मागोमाग म्हटलेली होती. तिचे शब्द उसने होते, तरी ते कोणी आपल्या तोंडावर फेकले नाहीत. ते हळूहळू आपले होतील अशी वाट पाहिली गेली. जी वाट आपणांसाठी पाहिली गेली, तीच ह्या लेकरांसाठी थोडी अधिक काळ पाहावयाची आहे.

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो व मुलाची क्षमा मागितली. बापानेही मागितली. मुलगा अजूनही पुष्कळ बोल परत बोलतो. परंतु गर्दी झाली की कधी कधी "जागा हवी" असे म्हणतो, आणि आता घरातील माणसे सरतात. तेव्हा, बंधूंनो, अशा लेकरास तुम्ही काही विचाराल तेव्हा त्याच्या उत्तरावरून निवाडा करू नका. आधी तोच प्रश्न एकदा उलटा विचारून पाहा.