ठोकळ्यांची गाडी आणि मनाचे अनुमान

दुसऱ्याला मन आहे हे कशावरून मानायचे, हा तत्त्वज्ञानातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. लेगोच्या ठोकळ्यांची वीतभर लांबीची गाडी तो प्रश्न टेबलावर आणून ठेवते. लेगो कंपनीने ‘माइंडस्टॉर्म्स’ हा प्रोग्रॅम करता येणारा संच १९९८ मध्ये काढला. त्याचे नाव सीमोर पेपर्ट यांच्या १९८० सालच्या पुस्तकावरून घेतलेले. २०१३ साली आलेल्या ईव्ही-३ या आवृत्तीला चार सेन्सर आणि चार मोटरी जोडता येतात. इथे दोन-दोन पुरतात: समोर डावीउजवीकडे प्रकाश मोजणारे दोन सेन्सर आणि दोन्ही चाकांना एकेक मोटर. सेन्सर उजेडाचे माप ० ते १०० या आकड्यांत देतो, मोटरचा जोरही १०० पर्यंतच्या आकड्यानेच ठरतो. त्यामुळे सतत फिरणाऱ्या लूपमधल्या दोन ओळींत प्रोग्रॅम संपतो. डाव्या सेन्सरचा आकडा डाव्या मोटरला, उजव्याचा उजव्या मोटरला.

अंधाऱ्या खोलीत उजवीकडून टॉर्च जवळ आणली की उजवे चाक जोरात फिरते आणि गाडी डावीकडे वळून पळ काढते. बघणारी मुले लगेच म्हणतात, ‘‘घाबरली!’’ त्या दोन ओळींतली मोटरींच्या पोर्टची अक्षरे, बी आणि सी, आपसात बदलली की तीच गाडी टॉर्चच्या दिशेने वळते, जवळ जाताना वेग वाढवते आणि धडकते. आता ती ‘चिडली’. शंभरातून सेन्सरचा आकडा वजा करून उरलेला त्याच बाजूच्या मोटरला दिला, तर ती उजेडाकडे तोंड करते, हळू होत जाते आणि टॉर्चपुढे थांबून राहते. बॅटरी उतरलेली असेल तर वाटेतच रेंगाळते, आणि ती विचारात पडली असे वाटते. हे रेंगाळणे तर प्रोग्रॅममध्ये कुणी लिहिलेलेच नसते.

या गाड्यांची कल्पना व्हॅलेंटिनो ब्रायटनबर्ग यांची. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत मेंदूवर संशोधन करणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९८४ च्या ‘व्हेइकल्स’ या पुस्तकात त्या कागदावर मांडल्या. पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये त्या लेगोच्या ठोकळ्यांत उतरल्या. बाहेरून वागणूक पाहून आतल्या रचनेचा अंदाज बांधणारा माणूस ती रचना आहे त्याहून गुंतागुंतीची समजतो, हे ब्रायटनबर्ग यांना दाखवायचे होते.

सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने याच अंदाजाला तर्काचे रूप दिले होते. त्याच्या ‘सन्तानान्तरसिद्धि’ या ग्रंथाचे मूळ संस्कृत लुप्त झाले, तिबेटी भाषांतर टिकले. आपले बोलणे-चालणे आपल्या इच्छेतून उगवते, हे प्रत्येकाला स्वतःपुरते ठाऊक असते. आपल्या इच्छेविना घडलेले तसेच बोलणे-चालणे समोर दिसले, की त्यामागे दुसरे चित्त असल्याचे अनुमान होते. नैयायिकाच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायाच्या, भाषेत सांगायचे तर लेगोची गाडी या हेतूला, म्हणजे अनुमानाच्या आधाराला, व्यभिचारी ठरवते: पळून जाणे आहे, भीती नाही.

पण भीती नाही हे कशावरून? प्रोग्रॅम उघडून पाहता येतो म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. चटका बसताच मागे येणाऱ्या हाताचीही नसानसांतली कारणे सांगता येतात. त्याने वेदना खोटी ठरत नाही. जडवादी चार्वाक तर म्हणतील की किण्वातून मद्यशक्ती यावी तसे चैतन्य भूतांच्या विशिष्ट मिश्रणातूनच येते, तेव्हा ठोकळ्यांना आधीच नकार कशाला?

सांख्यांचे उत्तर वेगळे आहे आणि ते गाडीला नेमके लागू पडते. हेतुपूर्ण वागणे आणि चैतन्य या गोष्टी ते वेगळ्या ठेवतात. वासरासाठी अचेतन दूध स्रवते, तशी अचेतन प्रकृती पुरुषासाठी, म्हणजे चेतन तत्त्वासाठी, प्रवृत्त होते, असा दाखला सांख्यकारिकेत आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात त्यावर हरकत घेतली: दूध स्रवते ते सचेतन गाईच्या वासरावरील मायेने; रथही चेतनाच्या आधाराशिवाय चालत नाही. गाडीबाबत आचार्यांची बाजू भक्कम दिसते, कारण बी आणि सी कुणीतरी जाणून लिहिले. मात्र त्याने लिहिणाऱ्याचा हेतू सिद्ध होतो, गाडीच्या अनुभवाबद्दल काहीच ठरत नाही.

न्यायसूत्रांची वाट इथे अधिक उपयोगाची आहे. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची चिन्हे तिथे सांगितली आहेत, आणि वात्स्यायनाचे भाष्य त्यांत स्मरणाचा धागा दाखवते: ज्या वस्तूने पूर्वी सुख दिले ती पुन्हा दिसल्यावर ओळखून हवीशी वाटते, तेव्हा भोगणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे. दोन ओळींची गाडी मागचा आकडा प्रत्येक फेरीला विसरते. तिच्यात इच्छेला जागाच नाही. स्पर्शाचा सेन्सर जोडून, धडकेच्या वेळचा प्रकाश साठवून, तसा उजेड पुन्हा दिसताच गाडी मागे घ्यावी असा प्रोग्रॅमही लिहिता येतो. तेव्हा स्मरणासारखे काही येते, द्वेषासारखे वागणेही येते. पण त्या धडकेने गाडीला काही दुखले होते असे म्हणायला अजून आधार मिळत नाही. नैयायिक आपल्याला इथेच थांबवेल. चार्वाक मिश्रणात आणखी काय घालायचे ते विचारेल.