झाडावर राहणाऱ्याला भाकरी कोण देतो?

शुक्रवारी संध्याकाळी वडखळहून अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग धरमतरच्या पुलाशी येऊन रेंगाळते. खाली अंबा नदीची खाडी, डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल वाहणारे बार्ज आणि खारबंदिस्तीच्या आत राखलेली भातखाचरं. एके काळी मुंबईची माणसं आगबोटीनं धरमतरला उतरायची आणि पुढे कोकणाची वाट धरायची. आज गाडीत बसलेल्यांचा खाडीशी फारसा संबंध उरलेला नाही. त्यांना दोन रात्रींचा एकांत हवा असतो, आणि तोही जमेल तितका उंचावर. म्हणून झाडावरच्या खोलीला मागणी आहे. आंब्याच्या किंवा ऐनाच्या बेचक्यात बसवलेली लाकडी खोली, वर जायला शिडी, सकाळी गरम पोहे, आणि दिवसभर आजूबाजूला भटकायला एखादं अभयारण्य, एखादं लेणं, एखादं देऊळ. अमेरिकेतल्या कोरड्या, उंच पहाडांत हीच हौस पाइनच्या झाडांवर भागवली जाते, आपल्याकडे वायनाडच्या जंगलात. सुट्टी घालवायचा हा प्रकार नवा वाटतो. त्यातला मूळ प्रश्न मात्र निदान अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे.

तो प्रश्न असा: माणसांपासून दूर जाऊन राहण्यात काही पुण्य आहे का? असेल तर ते जागेमुळे मिळतं, की आणखी कशामुळे?

बौद्ध विनयपिटकातल्या ‘महावग्ग’ या ग्रंथात या प्रश्नाचा फार रोखठोक विचार झालेला आहे, आणि त्यात थेट झाडावरचा मुक्काम येतो. सुरुवातीला भिक्षू बाराही महिने फिरत असत. पावसाळ्यात त्यांच्या पायाखाली कोवळं गवत तुडवलं जाई, बारीकसारीक जीव मरत. लोक कुरकुरू लागले. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी थांबतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून बसतात, मग यांनाच का फिरायचं असतं, असा त्यांचा सवाल होता. त्यावरून वर्षावासाचा नियम झाला. पण नियम झाला की पळवाटाही निघतात. कुणी भिक्षू झाडाच्या ढोलीत वर्षावास करू लागले, कुणी फांद्यांच्या बेचक्यात. लोक पुन्हा नाराज झाले. ढोलीत राहणारे त्यांना पिशाच्चासारखे वाटले आणि बेचक्यात बसणारे पारध्यांसारखे. बुद्धांनी दोन्ही प्रकार बंद केले. त्याच ओघात उघड्यावर, छत्रीखाली आणि मोठ्या रांजणात वर्षावास करण्यालाही मनाई झाली. कुणीतरी रांजणात चातुर्मास काढून पाहिला होता, हे त्यावरून कळतं. वैराग्याच्या इतिहासात हौशी लोकांची कमतरता कधीच नव्हती.

इथे लक्ष द्यायला हवं ते नियमाच्या कारणाकडे. झाडावर ध्यान लागत नाही, असं कुणी म्हटलं नाही. आक्षेप घेतला तो भिक्षा घालणाऱ्या गृहस्थांनी, आणि तो मान्य झाला. संघाचं सगळं जगणं गावाच्या भिक्षेवर चालायचं, म्हणून विहाराची जागा निवडताना गावापासून फार दूर नको आणि फार जवळही नको, असा दंडक होता. एकांताची लांबीरुंदी ठरवताना खाली भात शिजवणाऱ्याच्या मताला किंमत होती. झाडावरच्या खोलीचं बुकिंग करताना या मताची गरज कुणालाच भासत नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

धरमतरहून नागोठणे, रोहा करत खाली मांदाडच्या खाडीकडे गेलं की कुड्याची लेणी लागतात. डोंगराच्या कुशीत, समोर खाडी. पाहणाऱ्याला वाटतं, कसली निवांत जागा शोधली होती या भिक्षूंनी! तिथले ब्राह्मी लेख वाचले की चित्र पालटतं. मांदव घराण्यातल्या महाभोजांच्या नातलगांनी तिथे दानं दिली आहेत, शिवाय एका वैद्यानं, एका माळ्यानं आणि कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानंही. कऱ्हाडचा लोहवाणी सह्याद्री उतरून मांदाडच्या खाडीवर लेणं खोदवतो, याचा अर्थ ही जागा आडबाजूची नव्हती. ती बंदर आणि घाटवाटा यांच्या येण्याजाण्यात होती. सुधागड तालुक्यातल्या नाडसूरजवळची ठाणाळ्याची लेणीही अशीच घाटाच्या पायथ्याशी, कोकणातून वर जाणाऱ्या वाटांच्या लगत आहेत. ज्यांना आपण आज एकांतस्थळं म्हणतो, ती माल आणि माणसं यांच्या वर्दळीजवळ, पण तिच्यापासून दोन पावलं बाजूला होती. माळ्यानं हार विकून साठवलेल्या पैशातून भिक्षूला छप्पर मिळालं आणि दात्याचं नाव दगडात कोरलं गेलं. कोणाच्या जिवावर हा निवांतपणा चालतो, हे भिंतीवरच लिहिलेलं असे.

ख्रिस्ती परंपरेत तर झाडावर राहणाऱ्या साधूंचा वेगळा वर्गच मानला जातो. थेसालोनिकीचा संत डेव्हिड चर्चशेजारच्या बदामाच्या झाडावर तीन वर्षं राहिला, असं त्याची कथा सांगते. नंतर तो खाली उतरला आणि कोठडीत राहू लागला. त्याच्या आधीचा सीरियातला सिमिऑन खांबावर चढला. माणसं भेटायला येतात, सल्ले मागतात, साधनेला वेळ उरत नाही, म्हणून. पहिला खांब बेताचा होता. मग तो उंच होत गेला, शेवटचा सुमारे पंधरा मीटरचा. 459 साली मरेपर्यंत त्यानं छत्तीसेक वर्षं खांबांवर काढली, आणि जितका तो वर गेला तितकी खालची गर्दी वाढली. शिष्य शिडी लावून त्याला अन्न पोहोचवत. शेवटी तोही दिवसातला काही वेळ खालच्यांचे तंटे सोडवण्यात घालवू लागला. उंचीनं एकांत मिळतो ही समजूत सिमिऑनच्या बाबतीत साफ खोटी ठरली. त्याचं मोठेपण, असलंच तर, त्यानं खालच्यांना झिडकारलं नाही यात आहे.

धरमतरच्या आसपास झाडावर बसण्याची रीत धर्माहून साध्या कारणांनी चालत आली. वरकस जमिनीवर नाचणी, वरी पिकवणारे ठाकूर आणि कातकरी रानडुकरांपासून पीक राखायला रात्री उंचावर बसून जागत. दुसरी रीत शिकारीची. मुरूड आणि रोह्याच्या डोंगरांतलं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. 1986 साली ते अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे 54 चौरस किलोमीटर. रोह्याहून सुपेगावकडून तिथे शिरता येतं. शेकरू फांद्यांवरून उड्या मारताना दिसतं, पाणवठ्यांना इथे ‘गाण’ म्हणतात, आणि मे महिन्याच्या उन्हात तीच सगळ्या जनावरांच्या भेटीची ठिकाणं असतात. दर बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं राज्यभर पाणवठ्यांवर प्राण्यांची गणना करतं, तेव्हा फणसाडमध्येही मचाणांवर माणसं बसतात. झाडाच्या बेचक्यात पारध्यासारखं बसू नका असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्याच पौर्णिमेला! विनयाचा भंग झाला असं म्हणायला मात्र मन धजत नाही. मचाणावरचा माणूस रात्रभर गप्प बसतो, मोबाइल बंद ठेवतो, स्वतःकडे न पाहता पाण्याकडे पाहतो आणि सकाळी एक तक्ता भरून देतो. सुट्टीतल्या एकांतापेक्षा यात शिस्तही जास्त आहे आणि अहंकारही कमी.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांनी विसाव्या शतकाला दोन माणसं दिली, आणि दोघांनीही एकांताचा हा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला. गंमत म्हणजे पर्यटनाच्या नकाशावर त्यांची गावं क्वचितच येतात.

विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, पेण तालुक्यातल्या गागोद्याला 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मले. आजोबा शंभूरावांच्या सहवासात पहिली वर्षं गेली, मग वडिलांच्या नोकरीमुळे बडोदा. मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि काशीची गाडी धरून निघून गेला. त्याच्या डोक्यात दोन दिशा होत्या. एक हिमालयाची, तपश्चर्येची. दुसरी बंगालची, क्रांतीची. तो दोन्हीकडे पोहोचला नाही. काशीत गांधींच्या भाषणाची बातमी वाचून त्यानं पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती दोन्ही गांधींपाशी सापडली, असं विनोबा पुढे सांगत राहिले. ज्याला उंच पहाडात जायचं होतं, त्याला सूत, दळण आणि संडाससफाई मिळाली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सक्तीनं मिळालेल्या त्या एकांतातून मराठीतलं एक मोठं पुस्तक उभं राहिलं. 1951 पासून तेरा वर्षं ते भूदानासाठी पायी फिरले, आणि 1970 मध्ये पवनारला क्षेत्रसंन्यास घेऊन एका जागी थांबले. फिरणं आधी, थांबणं नंतर. थांबण्याचा हक्क त्यांनी चालून कमावला, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात पवनारलाही लोक येतच राहिले. सिमिऑनसारखंच.

रोह्यातले पांडुरंगशास्त्री आठवले (जन्म 19 ऑक्टोबर 1920) यांचं उत्तर झाडांच्या अधिक जवळ जाणारं आहे. त्यांच्या स्वाध्याय परिवारानं 1979 पासून सौराष्ट्रात वृक्षमंदिरं उभी केली. आसपासच्या गावांतल्या लोकांनी मिळून पडीक जमिनीवर बाग लावायची, तिला ऋषीचं नाव द्यायचं, आणि प्रत्येकानं वर्षातले काही दिवस तिथे पुजारी म्हणून राहायला जायचं. पूजा म्हणजे झाडांना पाणी घालणं, आळी करणं, राखण करणं. येणारं फळ कुणाचंच नाही. ते ‘अपौरुषेय लक्ष्मी’, गरजूच्या घरी गुपचूप प्रसाद म्हणून जाणारी. कोळ्यांच्या किनाऱ्यावर हाच विचार ‘मत्स्यगंधा’ या होड्यांच्या रूपानं आला. तिथेही आळीपाळीनं पुजारी.

बाहेरून पाहिलं तर वृक्षमंदिर आणि झाडावरची खोली यांत किती साम्य आहे! दोन्हीकडे माणूस घर सोडून चार दिवस झाडांत राहतो आणि परत येतो. कायमचा संन्यास कुणीच घेत नाही. म्हणून ‘दोन रात्रींत कसली साधना’ असा पर्यटकाला मारलेला टोमणा पोकळ आहे, कारण शास्त्रीबुवांचा पुजारीही चार दिवसांत घरी परततो. फरक पडतो तो शिडीच्या खालच्या टोकाला. वृक्षमंदिरात माणूस पाणी घालायला जातो, खोलीत त्याला पाणी आणून दिलं जातं. विकत घेतलेल्या एकांतात देवघेव तिथल्या तिथे मिटते आणि ऋण शिल्लक राहत नाही, हीच त्याची सोय आणि हीच त्याची उणीव. भिक्षूला भिक्षा घ्यावी लागे, म्हणून गावाचं ऐकावं लागे. बिल भरणाऱ्याला कुणाचं ऐकावं लागत नाही.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. खोलीमुळे वाडीवरच्या दोन पोरांना काम मिळतं. ऐनाचं झाड तोडण्यापेक्षा त्यावर खोली बांधणं बरं. खरं आहे. जंगल हे फक्त ध्यानाचं ठिकाण आहे असं इथल्या माणसानं कधी मानलंच नव्हतं. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 27 ऑक्टोबर 1933 रोजी खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप पुकारला गेला, तो 1939 पर्यंत चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. शेतं पडीक टाकलेल्या त्या वर्षांत कुळांनी जंगलातून मोळ्या आणून, त्या विकून चुली पेटत्या ठेवल्या. त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे विश्रांती नव्हती, तगून राहण्याची शेवटची सोय होती.

तेव्हा रोजगाराचा मुद्दा मान्य करून पुढचा प्रश्न विचारावा लागतो. पावसाळा संपून डोंगर हिरवे असतात आणि हवा गार होऊ लागते, तेव्हा पर्यटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या सुमाराला वाड्यांवरून उलट दिशेची वाहतूकही सुरू होते. पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरांतली कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पोराबाळांसकट, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे शहरातला माणूस ज्या महिन्यांत पैसे देऊन या डोंगरावर चढतो, त्याच महिन्यांत डोंगरावरचा माणूस पैसे फेडायला खाली उतरलेला असतो. पहिल्याचा हिशोब चेक-आउटच्या वेळी संपतो, दुसऱ्याचा पावसाळ्यापर्यंत चालतो, आणि बऱ्याचदा पुढच्या हंगामावर जातो. कितीतरी कातकरी वाड्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत, तिच्या सातबाऱ्यावर अजून दुसऱ्याचंच नाव आहे. गागोद्याच्या माणसानं तेरा वर्षं चालत जे मागितलं होतं, ते याच जमिनीबद्दल होतं.